बराखीतले शुक्रवार

आधी माफी मागतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे सही करणं. वडिलांची सही तीन अक्षरांची, तीही पेन असं दाबून की मागच्या पानावर उमटावी. आई अजून अंगठाच उठवते. माझ्याआधी घरातलं कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही. अशा घरातल्या पोरानं आपल्या आठवणी लिहाव्यात आणि लोक त्या वाचतील असं धरून चालावं, हा आगाऊपणा आहे हे मला कळतं. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्या सगळ्यांच्या हातात काही ना काही कला होती. मी त्यांच्यात नुसता ऱ्हस्व-दीर्घ बघणारा. तरीही लिहितो आहे. एका रविवारी एका मित्राला मी हवा होतो की नव्हतो, हे मला दोन वर्षं कळलं नव्हतं. एवढीच गोष्ट आहे. पण ती माझ्या वाटेत बसून होती, आणि तिला ओलांडून मला कुठे जाता येत नव्हतं.

मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याच्या हॉस्टेलवरून राजुरीला घरी निघालो होतो. पिंपळवंडीच्या स्टॉपवर एसटी थांबली आणि मनात काही नसताना मी पिशवी घेऊन उतरलो. हायवे सोडून आत वळलं की दहा मिनिटांवर, उसाच्या दोन शेतांच्या मधे एक बराख आहे. कांदा साठवायच्या चाळीला आमच्याकडे बराख म्हणतात. लांबट, जमिनीपासून हातभर उंच, दोन्ही अंगांना फळ्यांच्या भिंती, आणि दर दोन फळ्यांमध्ये दोन बोटांची फट, वारा खेळता राहावा म्हणून. वर पत्रा, पत्र्यावर उसाचं पाचट.

दार उघडंच होतं. आत छताला टेकेल इतका कांदा. जिथे आमची टेबलं होती तिथे कांदा, जिथे फळा होता तिथे कांदा. मधल्या चिंचोळ्या वाटेवर पालथ्या क्रेटवर बसून बराखीचे मालक आण्णा सडका माल बाजूला काढत होते.

"कोन रं?"

"मी, आण्णा. मास्तर."

"आरं, मास्तर व्हय! वाळलास की रं. पुन्यात खायाला घालीत न्हाईत का नुसतंच शिकवत्यात?"

मी हसलो. त्यांनी दुसरा क्रेट पायानं माझ्याकडे सरकवला.

"रेखा गेली नाशकाला. टेबलं बी टेम्पोत घालून नेली. मग म्हनलं, मोकळी बराख बरी न्हाई दिसत, कांदा भरू. तेवढीच सोबत."

"आणि सोमा?" मी विचारलं.

"त्यो डोंगराकडचा? त्याचं मला काय ठावं? तुझा दोस्त ना त्यो?" आण्णांनी माझ्याकडे नीट बघितलं. "भांडलात का?"

"नाही."

"मंग?"

भांडलो असतो तर बरं झालं असतं. भांडणात निदान दोन्ही बाजू कळतात. मी क्रेटवर बसून राहिलो. फळ्यांच्या फटींतून ऊन आत येत होतं, कांद्यावर पट्टे पट्टे पडले होते. त्याच उन्हाचे पट्टे पूर्वी आमच्या हातांवर, कीबोर्डवर, चहाच्या पेल्यांवर पडायचे. दुपारी तीनच्या सुमाराला एक पट्टा बरोबर सोमाच्या कागदावर यायचा आणि तो कागद न सरकवता पट्ट्याबाहेरच्या भागात काढत राहायचा. म्हणायचा, "जाईल की राव तो. त्याला बी काम हाय."

रेखाताई आण्णांची थोरली मुलगी. पुण्यात खोक्यांवरची चित्रं आणि अक्षरं करायचं काम बरीच वर्षं करून ती गावी परतली होती. का परतली ते तिनं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. तिनं अर्धी बराख रिकामी करून घेतली, चार टेबलं टाकली, बांबूला बांधून इंटरनेटचा डबा पत्र्याच्या वर काढला आणि दारावर खडूनं लिहिलं, 'इथे बसून आपलं काम करा.' तिनं आण्णांना सांगितलं की याला को-वर्किंग म्हणतात. आण्णा आठवडाभर येईल त्याला सांगत होते, "कोन वर्किंग? मला तर कोनच वर्किंग दिसंना!"

आम्ही चौघं टिकलो. रेखाताई; निलम, जी मूळची पेठ गावची पण नारायणगावात मामाकडे राहायची आणि लग्नांच्या फिल्म कापायची; सोमा, जो चित्रं काढायचा; आणि मी. मी तेव्हा बीएच्या दुसऱ्या वर्षाला होतो. कॉलेज सुटलं की यायचो. निलमच्या फिल्मच्या खाली नावं घालायचो, ताईच्या खोक्यांवरची वाक्यं तपासायचो, कुणाचं पत्र, कुणाचा अर्ज. घरी सांगताना मी 'ऑफिस' म्हणायचो. आई माझा शर्ट धुताना नाकाशी धरायची. "तुझ्या हापिसात कांदं निवडायला लावत्यात काय रं?"

कारण तो वास कधीच गेला नाही. ताईनं फळ्या दोनदा धुतल्या, कडुलिंबाचा धूर केला, निलमनं तर फुलांच्या वासाची बाटली आणून फवारली. मग महिनाभर फुलांवर कांदा चिरल्यासारखा वास येत होता. आज पुण्यात मेसमध्ये कुणी कांदा फोडला की माझा हात आपोआप खिशातलं पेन शोधतो.

आवाज सांगायचे तर पहिला निलमचा. एकाच लग्नाचा एकच तुकडा ती वीस वीस वेळा बघायची. त्यामुळे पंचक्रोशीतल्या कितीतरी नवऱ्या आमच्या बराखीत रोज पुन्हा पुन्हा रडल्या. निलम पडद्याला म्हणायची, "रड गं बाई एकदाची नीट, मला डबा खायचाय." बँडचं तेच कडवं, अंतरपाट दूर व्हायचा तोच क्षण. मग हायवेवरून जाणाऱ्या टोमॅटोच्या गाड्यांचा हॉर्न. आणि वारा सुटला की कोपऱ्यात उरलेला कांद्याचा पाला जमिनीवरून सरसर पळायचा, कुणीतरी पाऊल न वाजवता आत आल्यासारखा. पहिले काही दिवस मी दर वेळी मान वर करून बघायचो. मग सवय झाली. आता सवय मोडली आहे. हॉस्टेलच्या खोलीत काहीच सरसरत नाही.

उन्हाळ्यात आण्णांचा कांदा निघाला की आमची जागा आक्रसायची. आधी एक टेबल जायचं, मग दुसरं. मे महिन्यात चौघं दोन टेबलांना कोपर लावून बसायचो. निलम म्हणायची, "आण्णा, आता मांडीवर बसवता का एकमेकांच्या?" आण्णा म्हणायचे, "कांदा भाडं देत न्हाई, पन बोलत बी न्हाई." पावसाळ्यात फटींना प्लास्टिक बांधायचो, मग उजेड दुधासारखा पांढरट व्हायचा आणि सगळ्यांचे चेहरे आजारी दिसायचे. थंडीत दुपार लवकर संपायची. उसात बिबट्या असायचा म्हणून दिवेलागणीच्या आत सगळ्यांनी एकदमच निघायचं, असा ताईचा दंडक होता. दोन गाड्यांवर चौघं, निलमच्या फोनवर मोठ्यानं गाणं लावलेलं, आणि मागे बसलेला सोमा बिबट्याला ऐकू जावं म्हणून त्या गाण्यात मुद्दाम बेसूर ओरडणारा. एवढ्या मोठ्यानं मी नंतर कधी कुणाबरोबर हसलो नाही.

सोमा आंबेगावच्या पश्चिमेकडचा, धरणाच्या पाण्याच्याही पलीकडे, डोंगरातल्या एका वाडीवरचा. नारायणगावात टोमॅटोच्या मार्केटमागे खोली घेऊन राहायचा. मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांना तो चित्रं काढून द्यायचा. बोलायला कमी. पहिल्याच दिवशी मी माझं वाक्य तीनदा खोडून चौथ्यांदा तेच लिहिलं, ते त्यानं बघितलं असावं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर एक चष्मेवाला कांदा होता, हातात खोडरबर, आणि खाली नाव, 'मास्तर'. तेव्हापासून तेच नाव पडलं.

पडकई हा शब्द त्यानंच आणला.

झालं असं, की ताईचं एक काम अडलं होतं. दोनशे खोकी हातानं चिकटवायची होती आणि मदतीला माणूस मिळत नव्हता. सोमानं आपला कागद बाजूला ठेवला आणि म्हणाला, "मंग पडकई करू की."

"काय करू?"

"आमच्याकडं उतारावर भाताचं खाचर करायचं म्हंजी एका घराचं काम न्हाई. दगूड काढायचा, बांध घालायचा, माती वढायची. मंग समदी वाडी जमती. आज तुझ्या उतारावर, उंद्या माझ्या. मजुरी न्हाई, काय न्हाई. जेवन तेवढं ज्याचं काम त्यानं घालायचं. त्याला पडकई म्हंत्यात."

त्या दिवशी चौघांनी दोनशे खोकी चिकटवली. पुढच्या शुक्रवारी निलमचं काम घेतलं. मग ते ठरूनच गेलं: शुक्रवारी जेवणानंतर प्रत्येकानं आपलं काम मिटवायचं आणि ज्याचं अडलं असेल त्याच्या कामाला लागायचं. मी लग्नाच्या फिल्ममध्ये नवरदेवाच्या मामांची तोंडं शोधत बसलो आहे. निलमनं सोमाच्या चित्रातल्या साठ बगळ्यांना पांढरा रंग दिला आहे. ताईनं माझ्या परीक्षेच्या नोट्स वाचून मला प्रश्न विचारले आहेत, आणि माझ्याआधी उत्तरं तिलाच पाठ झाली आहेत. शुक्रवारी आण्णा वाटाण्याची उसळ पाठवायचे. जेवण ज्याचं काम त्यानं घालायचं हा नियम त्यांनी ऐकलाच नव्हता.

या पडकईचा एकच कायदा सोमानं बजावून सांगितला होता. "आलेल्याला थँक्यू म्हनायचं न्हाई. म्हनलं का संपलं."

"काय संपलं?" निलमनं विचारलं.

"त्ये काय सांगता येत न्हाई. पन संपतं."

माझाही एक शुक्रवार आला. मी आईवर थोडंसं लिहिलं होतं. ती नारायणगावच्या मार्केटमध्ये टोमॅटो निवडायला जाते. न बघता, नुसत्या हातानं पिकलेलं, कवळं, डागी वेगळं करते. एवढंच होतं त्यात. मी ते कुणाला दाखवणार नव्हतो. ताईनं वहीतून ते ओढून काढलं आणि म्हणाली, "या शुक्रवारी हे."

त्याआधीच्या दिवशी सोमा आमच्या घरी आला, आईचे हात बघायला. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन, फोटोला बसल्यासारखी बैठक मारली. "मला कशाला काढतो रं बाबा? म्हशीला काढ, ती तरी देखनी हाय."

"म्हशीला काडलं तर ती मागनं पैसं मागंल," सोमा म्हणाला. आई इतकी हसली की पदर पडला. मग ती विसरली आणि शेंगा फोडायला लागली, आणि सोमानं वही काढली.

शुक्रवारी माझ्या त्या लिखाणाचं पुस्तक झालं. सोळा पानांचं, तळहाताएवढं. अक्षरं निलमनं लावली, ताईनं खोक्याच्या जाड कागदाचं वेष्टण करून दोऱ्यानं शिवलं, आणि प्रत्येक पानावर आईचा हात. मी ते घरी नेलं. आईला अक्षर येत नाही. ती एकेक पान उलटत गेली, मग एका चित्रावर अंगठा फिरवून म्हणाली, "ह्यो माझाच हात हाय. ह्ये वाकडं बोट बघ." वडिलांना दाखवलं, शेजारच्या काकूंना दाखवलं. त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा मी काय शिकतो ते सगळ्यांना कळलं.

सोमवारी बराखीत शिरलो तो थेट सोमाच्या टेबलापाशी गेलो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थँक्यू."

त्यानं पेन्सिल खाली ठेवली, कपाळाला हात लावला. "झालं! मास्तरनं संपिवलं." निलम टेबलावर डोकं आपटून हसली. शिक्षा म्हणून आठवडाभर मी चहा केला. सगळे हसत होते म्हणून मीही हसलो. पण घरी जाताना ते शब्द मनात फिरत होते. मला असल्या गोष्टींची फार भीती वाटते. जिथे मी पहिल्यांदाच गेलेलो असतो तिथले न सांगितलेले नियम माझ्याकडूनच मोडतात. कॉलेजात मोडले, पुण्यात मोडले.

तो रविवार पुढच्या उन्हाळ्यातला. कांदा आला होता, आम्ही दोन टेबलांवर होतो. शुक्रवारी उसळ खाऊन झाल्यावर सोमा पेल्यात बघत म्हणाला, "ह्या रईवारी आमच्याकडं पडकई हाय. वरच्या अंगाला खाचर करायचंय."

ताई म्हणाली, "बरं."

निलम म्हणाली, "ऊन लई आसंल ना तिकडं?"

"हाय की."

बस, एवढंच. तो हात धुवायला उठला. मी वाट बघत होतो. 'तू पण ये' असं तो म्हणेल, आता म्हणेल, निघताना म्हणेल. गाडीवर माझ्या मागे बसला तेव्हाही नाही. नारायणगावात उतरला, "येतो," म्हणाला आणि खोलीकडे गेला.

आमच्याकडे नाव घेऊन बोलावल्याशिवाय कुणी कुठे जात नाही. लग्नाच्या पत्रिकेवर नाव नसलं की माणूस घरी बसतो आणि दहा वर्षं लक्षात ठेवतो. सत्यनारायणालासुद्धा दारात येऊन 'या बरं का' म्हणावं लागतं. आईनं मला कॉलेजात घालताना एवढंच सांगितलं होतं, "न बोलवता कुनाच्या दारात जाऊ नको. शिकला म्हनून काय झालं?" तेव्हा मी मनाशी ठरवलं की सोमानं ताईला आणि निलमला आधीच वेगळं सांगितलं असणार. त्या त्याच्या कामात रंग भरणाऱ्या. मी काय करणार तिथे, दगडांचं ऱ्हस्व-दीर्घ बघणार? मग असंही वाटलं, आमच्यासारख्या बागायतीतल्या पोराला आपलं घर दाखवायला त्याला संकोच वाटत असेल. एक एक कारण मी त्याच्या नावावर मांडत गेलो. त्याला विचारलं मात्र नाही.

त्या रविवारी मी बराखीत आलो. एकटाच. कुलूप काढून आत बसलो. वारा पडला होता, पालाही हलत नव्हता. उन्हाचे पट्टे एका भिंतीपाशी सुरू झाले, टेबल ओलांडून कांद्याच्या ढिगावर चढले आणि विझले. दिवसभरात मी एक ओळ लिहिली नाही. निलमच्या खुर्चीवर तिची ओढणी राहिली होती, सोमाच्या टेबलावर पेन्सिलीचा भुसा. तो मी हातानं गोळा केला आणि कुठे टाकावा ते न सुचून परत तिथेच ठेवला. दुपारी आण्णा डोकावले. "आज रईवार ना रं? बाकीची कुटं गेली?" मी म्हणालो, "गावाला." ते एक कलिंगडाची फोड ठेवून गेले.

सोमवारी तिघं आली. ताईच्या तळहाताला फोड, निलमचं नाक सोललेलं. दोघी एकदम बोलत होत्या. शनिवारी संध्याकाळीच कशा पोचल्या, हिरडा वाळत घातलेल्या अंगणात कशा झोपल्या, निलमनं डोक्यावर माती उचलली आणि टोपलीसकट कशी बसली, म्हाताऱ्या बायका तिला कशा म्हणाल्या, "पोरी, तू नुसती गानी म्हन." सोमा हसत होता. मग तो माझ्याकडे वळला.

"काल कुटं व्हता, मास्तर?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. आता आठवतं की आवाज जरा जपून होता, ओल्या रंगावर हात ठेवताना असतो तसा. आणि मी, ज्याला शब्द बघायचं काम दिलेलं होतं त्या मी, दोन शब्द उचलून दिले.

"काम होतं."

"बरं," सोमा म्हणाला.

त्यानंतर काही तुटलं असं म्हणता येणार नाही. शुक्रवार होत राहिले. त्यानं माझ्यासाठी काम केलं, मी त्याच्यासाठी. पण आता गाडीवर तो निलमच्या मागे बसायचा. फळ्यावर मास्तर आला नाही. तीनचा पट्टा त्याच्या कागदावर आला की तो कागद सरकवायचा. श्रावणात मी परीक्षेला कॉलेजात होतो, तेव्हा एका सकाळी तो गेला. हैदराबादला कार्टूनच्या फिल्म करणाऱ्या कंपनीत त्याला काम लागलं होतं. संध्याकाळी आलो तर टेबल पुसलेलं होतं.

नंतर बऱ्याच दिवसांनी, असंच बोलता बोलता मी ताईला म्हणालो, "तुम्हाला निदान बोलावलं तरी होतं."

ताई माझ्याकडे बघतच राहिली. "आम्हाला कुठे बोलावलं होतं? दिवस सांगितला की झालं. त्यांच्यात पडकईला नाव घेऊन बोलवत नाहीत रे. नाव घेतलं म्हणजे, तू आपणहून आला नसतास असं म्हटल्यासारखं होतं. मला त्याच्या आईनं सांगितलं तिथे." मग हळूच म्हणाली, "तू त्यासाठी आला नाहीस?"

मी फोन लावले. नंबर बंद होता. निरोप पाठवले, ते गेलेच नाहीत. ताईकडेही नवा नंबर नव्हता. पुढच्या वर्षी निलमचं लग्न झालं. तिची फिल्म दुसऱ्या कुणीतरी कापली. मी एमएला पुण्याला आलो. ताईनं टेबलं हलवली. कशाचाही शेवट असा झाला नाही, नुसते एकेक शुक्रवार यायचे थांबले.

आणि प्रश्न माझ्याजवळ राहिला. ताईनं सांगितलं ते खरं असेल. नाव घेत नाहीत. पण नाव न घेता सांगितलेल्या दिवसात मी होतो का? तो ताईकडे बघून बोलला, निलमला उत्तर दिलं. माझ्याकडे त्यानं बघितलं नव्हतं. हॉस्टेलच्या खोलीत हे मी किती वेळा फिरवलं असेल, निलमनं नवरीचं रडणं फिरवावं तसं.

आण्णांनी कांद्याचा एक सडका गड्डा टोपलीत टाकला. "मास्तर, चा घेतो का?"

"नको आण्णा. निघतो."

"आत्ता तर आला."

त्या दिवशी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं विचारलं, "कुटं निघाला?"

"सोमाच्या गावाला."

"बोलावलंय व्हय त्यानं?"

"नाही," मी म्हणालो. आईनं भाकरी फडक्यात बांधून दिली. गाठ मारताना तिचं वाकडं बोट मी बघत राहिलो.

आळेफाट्यावरून मंचर, मंचरहून घोडेगाव, आणि तिथून पुढे धरणाच्या कडेकडेनं जाणारी गाडी. मे महिन्यात पाणी खूप खाली गेलेलं असतं. उघड्या पडलेल्या तळाला भेगा, त्यात जुन्या बांधांच्या रेघा. फाट्यावर कंडक्टरनं उतरवून दिलं. तिथे एक आंब्याचं झाड, एक मोडका बाक, आणि डोंगरात जाणाऱ्या दोन पायवाटा. कुठली घ्यायची ते मला कळेना. हिरड्याचं पोतं घेऊन उतरणाऱ्या एका बाईंनी वाट दाखवली.

घर सापडलं. अंगणभर हिरडा पसरलेला, त्याचा तुरट वास. सोमाची आई सूप घेऊन बसली होती. डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं.

"कोन पावणं?"

"मी सोमाचा मित्र. पिंपळवंडीला बरोबर होतो."

"उभं नका ऱ्हाऊ. बसा." तिनं पोतं अंथरलं, पाण्याचा तांब्या आणला. "सोमा न्हाई हितं. हैद्राबादला हाय. आता आवनीला यील भाताच्या." मग अंगणाच्या वरच्या बाजूला हात केला. "त्ये बघा, त्ये नवं खाचर. दोन सालं भात घेतला त्यात. लई चांगला बांध झाला. तुमच्यातल्या दोघी आल्या व्हत्या, एक वाळकी अन् एक बडबडी."

मी बघितलं. उताराच्या अंगाला दगडांची एक सरळ ओळ, वर सपाट, कोरडी, उन्हात तापलेली जमीन. त्यातला एकही दगड मी उचललेला नव्हता.

"मी नव्हतो आलो," मी म्हणालो.

ती पाखडायची थांबली. माझ्या चष्म्याकडे बघितलं.

"तुमी राजुरीचं का?"

मी मान हलवली.

"आगं बया," ती म्हणाली, अगदी हळू. "त्या दिशी झुंजूमुंजू व्हायच्या आत त्यो खाली फाट्यावर जाऊन बसला व्हता. म्या म्हनलं, आरं, आपल्या घरची पडकई, समदी वाडी यायची, अन् तू कुटं चालला? तर म्हनला, आये, राजुरीचा माझा दोस्त येनार हाय, त्याला वाट ठावं न्हाई, चुकंल. पोरींना बी सांगितलं न्हाई त्यानं. पयली गाडी आली, गेली. दुसरी आली, गेली. मान्सं हाका मारत्यात वरनं, तरी उठंना. ऊन पार डोक्यावर आलं तवा मीच खाली जाऊन त्याला घेऊन आले."